अकरा काळ्या पुड्या

प्रयोगशाळेची साफसफाई करणाऱ्या मावशींना जगात एकच गोष्ट सहन होत नसे, ती म्हणजे काळा डाग. मग तो काचेवर असो, फरशीवर असो की कुणाच्या कॉलरवर. सकाळी सहाला त्या कुलूप उघडत, काहीतरी गोड गुणगुणत फडकं फिरवत, आणि दहाला सर येईपर्यंत खोली अशी लखलखे की आत पाऊल टाकायला त्यांनाच संकोच वाटे.

सर चंद्रावरच्या मातीचा अभ्यास करत. आता ती माती रोज आणायची कुठून? म्हणून एका फिकट हिरव्या खडकाची भुकटी काचेच्या भांड्यातल्या ताटलीत पसरायची, पंपाने भांड्यातली हवा ओढून घ्यायची आणि वरून लेझरचा मारा करायचा. दिवसभर सरांचे वर्ग असत, त्यामुळे संध्याकाळी पाचला यंत्राला वेळ लावून ते घरी जात. काम उरकलं की भांड्यात हवा परत सोडून यंत्र आपलं आपण बंद होई. भुकटी काळी पडली की सर जिंकले! एवढीच गोष्ट मावशींना सांगायची राहून गेली होती.

पहिल्याच सकाळी मावशींनी भांड्यात डोकावून पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अगं बाई! एवढी छान भुकटी, काजळी धरली की हिनं!"

सरांची वस्तू टाकवेना, म्हणून त्यांनी ती कागदाच्या पुडीत बांधली. वर तारीख घातली. ताटली चकचकीत पुसली, फळीवरच्या बरणीतली ताजी भुकटी तितकीच पसरली आणि झाकण लावून टाकलं.

दहाला सर आले, भांड्यात पाहिलं आणि मटकन खुर्चीत बसले.

"काय झालं, सर?"

"या भुकटीच्या रंगाने माझी झोप उडवलीय, मावशी. प्रयोगाच्या बाराव्या दिवशी संचालकबाई पाहायला येणार. तोवर जमलं नाही तर यंत्र जाणार वरच्या मजल्यावर, काचतज्ज्ञांकडे."

मावशींचा जीव तुटला. पोरगं डागांच्या धास्तीनं वाळत चाललंय! "तुम्ही निर्धास्त राहा. रंगाचं मी बघते."

सरांना वाटलं, काय माया आहे बाईची! त्यांनी यंत्राची वेळ एक तासाने वाढवली. दुसऱ्या दिवशी मावशींना भुकटी आणखी काळी सापडली. त्यांनी आणखी जोर लावून ताटली घासली. सरांनी आणखी एक तास वाढवला.

असं रोज चाललं. सरांनी पंपवाल्याला बोलावलं. त्याने पंप खोलला, पुसला, परत बसवला.

"साहेब, पंप पैलवानासारखा ठणठणीत आहे. तुमच्या दगडातच खोट असेल."

"दगडात खोट? अहो, चार महिने शोधून आणलाय तो!"

"मग चार महिने चुकलात," म्हणत पंपवाला पान्हे गोळा करून निघून गेला. वरच्या मजल्यावरचे काचतज्ज्ञ तर रोज जिन्यात गाठून विचारत, "काय, उगवला का तुमचा चंद्र?"

बारावा दिवस उजाडला. संचालकबाई आल्या. मागोमाग काचतज्ज्ञही आले, हातात मोजपट्टी घेऊन. यंत्र वरच्या दारातून जाईल की नाही ते पाहायला.

सर पडेल आवाजात सांगू लागले, "चंद्रावर हवेचं पांघरूण नाही. सूर्याकडून येणारे कण आणि बारीक बारीक उल्का थेट मातीवर आदळतात. त्या माराने मातीतलं लोखंड सुटं होतं आणि त्याचे सूक्ष्म मणी कणाकणावर बसतात. डोळ्यांना मणी दिसत नाहीत, माती तेवढी काळवंडते. इथे मात्र..." त्यांनी ताटली पुढे केली. "काल रात्री सलग अकरा तास मारा करूनही ही अशीच. स्वच्छ."

मावशी दाराशी उभ्या होत्या. 'स्वच्छ' ऐकून त्यांना राहवलं नाही. "मग! रोज सकाळी जातीनं बदलते मी, बाईसाहेब. ठिपका म्हणून राहू देत नाही."

सर ताटली हातात तशीच धरून दाराकडे वळले.

"बदलता?" त्यांनी विचारलं. "आणि... आणि काळी झालेली?"

"टाकीन कशी? जपून ठेवलीय."

मावशींनी कपाटातून डबा आणला. आत तारखा घातलेल्या अकरा पुड्या. सरांनी वही काढून तारखा ताडून पाहिल्या आणि एकेक पुडी उघडली. पहिली पुडी एक तासाची, जरा मळकट. पाचवी करडी. अकरावी काजळासारखी. त्यांनी कागदाखालून लोहचुंबक फिरवलं, तसे काळे कण शहाण्यासारखे त्याच्यामागे चालू लागले.

"मावशी!" सर लहान मुलासारखे ओरडले. "एकाच ताटलीवर मारा करत राहिलो असतो तर हाती आला असता फक्त शेवटचा काळा रंग. तुम्ही तर पायरी न् पायरी जपलीत!"

संचालकबाई हसू आवरत काचतज्ज्ञांकडे वळल्या. "मोजपट्टी मिटा. यंत्र इथेच राहील. आणि मावशीही."

सरांनी मावशींना स्वतःच्या खुर्चीत बसवलं आणि सगळं पुन्हा समजावून सांगितलं. मावशींनी ऐकता ऐकता खुर्चीचा हात पदराने पुसला.

"म्हणजे तिकडं वर इतकी वर्षं हे बसतंय, आणि पुसायला कुणी नाही?"

"कुणी नाही. वारा नाही, पाऊस नाही."

मावशींनी वर पाहून हात जोडले.

"देवाची करणी बघा, सर. तिकडं माझी ड्यूटी लावली नाही म्हणून तुमचा अभ्यास तरी शिल्लक राहिला!"