जिल्हा झाल्यावर गाडी

शरणप्पा गुरुजींनी नांदेडच्या शोरूममध्ये कॉफी रंगाची गाडी बुक केली, सगळे पैसे भरले, सीटकव्हरसुद्धा पसंत केलं. गाडी तयार आहे असा फोन आला, तेव्हा म्हणाले, "राहू द्या तिथंच. आमचा जिल्हा होऊ द्या."

उदगीरचा जिल्हा होणार ही बातमी उदगीरला नवी नाही. पण या खेपेला ती शेजारच्या बसलिंगप्पांनी आणली होती, आणि बसलिंगप्पांचा भाचा मुंबईला मंत्रालयात लिफ्ट चालवायचा. मोठे साहेब लिफ्टमध्ये बोलतात ते खोटं कसं असेल? सव्वीस जानेवारीला घोषणा, नवा जिल्हा, म्हणजे गाड्यांना नवा नंबर. गाडी आधी आणली तर महिन्याच्या आत पासिंग करावं लागणार, आणि नंबर एकदा पडला की पडला.

गुरुजींचं दुखणं जुनं होतं. त्यांचे वडील ज्या घरात जन्मले ते तेव्हा बिदर जिल्ह्यात होतं. त्याच घरात गुरुजी जन्मले, जिल्हा उस्मानाबाद. मुलगी महानंदा जन्मली, जिल्हा लातूर. घर जागचं हललं नाही, जिल्हे मात्र येऊन जाऊन होते, आणि त्यात उदगीरची पाळी काही लागली नाही. पुण्यात कुणी "लातूरचे का?" असं विचारलं की गुरुजींची जेवणावरची वासना उडे. आयुष्यातली पहिली गाडी, आणि तिच्यावर लातूरचा नंबर? ते शक्य नव्हतं.

आता गाडी काही मिरवायला घेतलेली नव्हती. महानंदा नांदेडला सासरी होती, पहिलटकरीण होती. सातव्या महिन्यात बापानं जाऊन तिला माहेरी आणायचं, ही रीत. त्या रस्त्यावर एसटीत बसलं की धडधाकट माणसाचीही हाडं खिळखिळी होतात, म्हणून गुरुजींच्या बायकोनं, शांतम्मांनी, हट्टानं गाडी घ्यायला लावली होती. शोरूममधून गाडी घ्यायची आणि तशीच लेकीच्या दारात न्यायची, इतका सरळ बेत होता. सरळ बेतांचं गुरुजींशी कधी पटलंच नाही.

सव्वीस जानेवारी झेंडा फडकवून निघून गेली. बसलिंगप्पा म्हणाले, भाच्यानं साहेबांना स्वतः ऐकलंय, अधिवेशनात होतंय. सातवा महिना लागला आणि सरला. आठव्यात लेकीला प्रवास करवत नाहीत, म्हणजे तो महिना असाच गेला, आणि गुरुजींना तर तो लाभल्यासारखाच वाटला. अधिवेशन संपलं. मग भाच्यानं एक मे काढली.

शोरूमचा मॅनेजर फोन करून करून थकला. दुष्काळानं गाड्या धुणं बंद केलंय, तुमच्या गाडीवर बोटभर धूळ बसलीय, म्हणून सांगायचा. व्याही सिद्रामप्पाही अधूनमधून विचारायचे, कधी येताय? गुरुजी दोघांनाही एकच उत्तर द्यायचे: गाडीचं थोडं राहिलंय. काय राहिलंय ते मात्र लाजेनं सांगायचे नाहीत.

एप्रिलात नववा लागला. शांतम्मा टँकरवरून भांडून दोन घागरी घेऊन आल्या, तर गुरुजी ओसरीवर बसलिंगप्पांशी नवीन कलेक्टर कचेरी कुठे व्हावी यावर वाद घालत होते. शांतम्मांनी घागरी खाली ठेवल्या.

"तुमचा जिल्हा होईस्तोर लेकरू शाळंत जाईल," त्या म्हणाल्या. "लेक वाट बघून राहिली तिकडं. रातीला फोनवर रडली. तुमाला नंबर पायजे का लेक पायजे, तेवढं सांगा."

बसलिंगप्पांना अचानक घरचं काम आठवलं. लेक रडली हे गुरुजींना कुणी सांगितलंच नव्हतं. लातूरचा तर लातूरचा, असं पुटपुटत त्यांनी शोरूमला फोन लावला.

मॅनेजर अदबीनं म्हणाला, "काका, तुमची गाडी परवाच गेली की. एक जण आले, तयार कोणती हाय ते विचारलं अन् त्याच दिवशी घेऊन गेले. तुमाला दुसरी देतो, दीड-दोन महिने लागतील."

गुरुजी त्याला खूप बोलले. मी आधी पैसे भरलेत म्हणाले, कोर्टात खेचतो म्हणाले. तो म्हणाला, खेचा, पण 'राहू द्या' तुम्हीच म्हणत होतात. मग गुरुजींनी शांतम्मांना काय सांगावं याचा विचार करत दुपार घालवली आणि शेवटी भाड्याच्या जीपवाल्याला गाठायला निघाले.

दारातच त्यांना एक कॉफी रंगाची नवीकोरी गाडी येताना दिसली. दार उघडून सिद्रामप्पा उतरले, मागून महानंदा सावकाश उतरली. शांतम्मा भाकरतुकडा घेऊन धावल्या. सासरच्यांनीच सून माहेरी आणून सोडावी, याहून बापाची नाचक्की ती कोणती? तरी सिद्रामप्पा मोठ्या मनाचे. डिकीतून पाण्याचे जार काढत म्हणाले, "तुमच्याकडं पाणी न्हाई म्हणून घेऊन आलो. आमच्या बोरला हाय अजून."

गुरुजी गाडीकडे बघत राहिले. कॉफी रंग. तेच सीटकव्हर.

"तुमची गाडी काही येईना," सिद्रामप्पा सांगत होते, "म्हणलं आपणच घ्यावी एक. शोरूमला गेलो तर ही तयारच. कोण्या खुळ्यानं बुक करून सोडून दिल्ती म्हणं, जिल्हा व्हायची वाट बघून राहिला. म्हणलं असल्या येड्याची गाडी आपल्याला लाभंल का? पण सुनंला माहेरी आणायचं अडलं होतं, घेतली. आता पूजा तुमच्याच हातानं करा, इवाई."

शांतम्मांचा भाकरतुकडा धरलेला हात हवेतच थांबला. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं समजलं.

गुरुजींनी मुकाट्यानं हळदकुंकू आणलं. स्वतः पसंत केलेल्या गाडीला, नांदेडच्या नंबराच्या पाटीखाली वाकून, हार घातला आणि नारळ फोडला.

"पर असला माणूस असंल तरी कोण हो, इवाई?" सिद्रामप्पांनी खोबरं खाता खाता विचारलं. "तुमच्याच भागातला दिसतोय."

गुरुजींनी घसा खाकरला.

"छे, छे. उदगीरचं माणूस असं न्हाई करायचं," ते म्हणाले. "असंल कोणी तरी लातूरचा."