घोरपडकाकूंचं बेकायदा ऊन

एका जंगलात, मुलांनो, थंडी फार पडायची. आणि थंडी फार पडायची म्हणून अस्वलशेठचं बरं चालायचं.

अस्वलशेठ झाडं पाडायचे, जाळायचे आणि निखारे घरोघर पोचवायचे. बदल्यात मध घ्यायचे, मासे घ्यायचे. लाकडं वाहायला हत्ती होता. धूर मात्र सगळ्यांना फुकट मिळायचा.

एकदा भर दरबारात सिंहमहाराज डरकाळी फोडायला गेले आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. दोन ससे हसले. महाराजांना ते फार लागलं.

"धुराशिवाय ऊब मिळतच नाही का कुणाला?" त्यांनी विचारलं.

"मला मिळते की," घोरपडकाकू म्हणाल्या. "रोज सकाळी खडकावर उन्हात बसते. नाही बसले, तर माझं अंगच हलत नाही."

महाराज उडालेच. इतकं सोपं? त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, "येत्या थंडीपासून सगळं जंगल उन्हावर!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात कुणी वाजवल्या, सांगा पाहू?

अस्वलशेठनी.

दुसऱ्या दिवशी ते मधाचं पोळं घेऊन महाराजांच्या गुहेत गेले. "महाराज, ऊन म्हणजे माझा जीव की प्राण! फक्त घाई नको. आधी एक समिती नेमू या."

समिती नेमली. अनुभवी म्हणून अस्वलशेठ आले. वाहतुकीचा जाणकार म्हणून हत्ती आला. अध्यक्ष झाले वटवाघूळपंत. "मी जन्मात सूर्य पाहिलेला नाही," ते उलटे लटकून म्हणाले, "त्यामुळे माझं मत अगदी निःपक्षपाती आहे."

घोरपडकाकूही गेल्या होत्या. त्यांना हत्तीनं दारातच अडवलं.

"काकू, तुम्ही रोज ऊन घेता ना? मग तुमचा यात स्वार्थ आहे. स्वार्थी लोकांना समितीत घेत नाहीत."

तेवढ्यात माकडं आली. त्यांना नदीकाठी अभ्रकाचे चकचकीत तुकडे सापडले होते. "थेट ऊन फार कच्चं असतं," माकडांचा म्होरक्या म्हणाला. "आमच्या अभ्रकावरून उडवून घेतलं, तरच अंगाला मानवतं."

अस्वलशेठ आणि म्होरक्या जरा बाजूला गेले. परत आले तेव्हा दोघांच्या मिशांना मध होता.

मग धोरण ठरलं. ऊन घ्यायचं, पण अभ्रकावरूनच. थेट ऊन बेकायदा. आणि एखादा ढग आला तर पंचाईत नको, म्हणून निखारे कायम पेटते ठेवायचे. पूर्वीच्या दुप्पट.

घोरपडकाकूंना यातलं काहीच कुणी सांगितलं नाही. थंडी पडली तशा त्या खडकावर जाऊन बसल्या.

"काकू, खाली उतरा," हत्ती म्हणाला. "कायदा झालाय."

"अरे, हे ऊन माझ्या आजीच्या आजीपासून इथंच पडतंय!"

हत्तीनं सोंडेनं ओढलं. पण घोरपड एकदा चिकटली की सुटते होय? शेवटी तो नुसता सूर्याच्या आड उभा राहिला. हत्तीची सावली केवढी! काकूंचं अंग गार पडत गेलं. आधी शेपटी थांबली. मग पंजे सैल झाले आणि त्या घरंगळत खाली आल्या.

नेमकं त्याच दिवशी नव्या उन्हाचं उद्‌घाटन होतं. हत्तीनं काकूंना तसंच उचलून मंचावर ठेवलं. ही कल्पना मूळ त्यांची, म्हणून पहिल्या मानकरी त्याच!

माकडांनी अभ्रक वर धरलं. अस्वलशेठनी खबरदारी म्हणून मंचापासून लांब, चारी बाजूंना लाकडांचे ढीग पेटवले. धुरानं आभाळ भरून गेलं. सूर्य दिसेना. अभ्रकावर उजेड पडला, तो निखाऱ्यांचा. तांबूस आणि सुंदर.

"हेच का ते ऊन?" महाराजांनी डोळे पुसत विचारलं.

"अस्सल!" वटवाघूळपंत म्हणाले.

महाराज घोरपडकाकूंकडे वळले. "बोला काकू, आता कसं वाटतंय?"

काकूंना पुष्कळ बोलायचं होतं. पण गारठ्यानं त्यांचा जबडा उघडेना. डोळ्यांतून तेवढं पाणी आलं.

"भारावून गेल्यात हो!" अस्वलशेठ गहिवरून म्हणाले.

टाळ्यांचा कडकडाट झाला.

तात्पर्य : मुलांनो, सूर्यावर कधी थुंकू नये, थुंकी आपल्याच तोंडावर पडते. त्यापेक्षा त्याचं जाहीर स्वागत करावं आणि स्वागत समितीत जागा मिळवावी.