दोन फाइली आणि एक खवले मांजर

आधीच सांगून ठेवते, खवले मांजराला या पृथ्वीतलावर टिकवून धरण्यासाठी नियतीने माझीच निवड केली होती! इतर संशोधकांपाशी नुसते आकडे असतात. माझ्यापाशी आकडे होते आणि शिवाय कविताही होती. पीएचडीच्या पहिल्या सादरीकरणाला समितीने मान डोलावली की नोंदणी पक्की. नाही तर वर्षभर घरी. घरी म्हणजे आईच्या नजरेसमोर!

मार्गदर्शक मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावले होते, "फाइलचं नाव म्हणजे प्राणी, जागा, तारीख. बाकी काही नाही."

मला ते शवागारात अंगठ्याला चिठ्ठी बांधल्यासारखे वाटले. जंगलातल्या खवले मांजराच्या पाठीवरील जीपीएस टॅगने ज्या हालचाली टिपल्या, त्यांना मी नाव दिले 'काळोखातली पावले'. दुसरा टॅग नीट चालतो की नाही हे पाहण्यासाठी तो आठवडाभर बाबांच्या जाकिटाच्या अस्तरात दडवला. साखर वाढल्यापासून बाबा रोज पहाटे पाच किलोमीटर चालतात, अशी आमच्या घराची श्रद्धा होती. त्या फाइलचे नाव 'पहाटेचा एकाकी'.

आता तुम्हीच सांगा, ऐन धांदलीत पावले कोणाची आणि एकाकी कोण, हे कसे लक्षात राहावे?

पडद्यावर नकाशा उमटला. दुर्मीळ प्राण्याचा ठावठिकाणा शिकाऱ्यांना कळू नये म्हणून आम्ही नकाशावर ना रस्ता ठेवतो, ना नाव, नुसते ठिपके.

"पाहा," मी गहिवरून म्हणाले, "साडेपाचला हा जीव बिळातून निघतो. तीनशे मीटर जातो. आणि तिथे पन्नास मिनिटे निश्चल!"

"रोज?" अध्यक्ष पुढे सरसावले.

"रोज, सर. मग आल्या वाटेने परत."

"वाळवीचं अवाढव्य वारूळ असणार! इतका शिस्तीचा प्राणी तीस वर्षांत पाहिला नाही मी!"

मॅडमनी अक्षांश-रेखांश फोनमध्ये टाकले आणि त्या किंचाळल्याच, "अगं, हे तर शहरात आहे! खवले मांजर वस्तीत शिरलंय!"

मी डोकावले. आमच्या गल्लीच्या टोकाची बेकरी! खरे सांगण्यासाठी मी तोंड उघडले, पण तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, "पोरीनं नाव काढलं हो!" आणि ते उघडलेले तोंड मी विनम्र हसण्यासाठी वापरले.

दुसऱ्या दिवशी पहाटे बेकरीच्या दारात आम्ही चौघे : दुर्बीण घेतलेल्या मॅडम, जाळे आणि पिंजरा घेतलेले दोन वनरक्षक, आणि जीव मुठीत घेतलेली मी.

"हळू," मॅडम कुजबुजल्या. "घाबरलं की ते अंगाचं वेटोळं करतं."

आत खिडकीपाशी बाबा! एक क्रीम केक समोर, दुसरा हातात. मला पाहताच त्यांनी वर्तमानपत्र अंगाभोवती ओढून हुबेहूब वेटोळे केले!

"मॅडम, पकडायचं का?" जाळेवाल्याने विचारले.

"हे... माझे वडील," मी म्हणाले. "आणि जाकिटात आपला टॅग. मी चुकीची फाइल दाखवली, मॅडम."

"टॅग?" वर्तमानपत्रामागून आवाज आला. "अगं कार्टे!"

"बाबा, रोज पाच किलोमीटर?"

"आठवड्याचे धर ना! जाऊन-येऊन होतात जवळजवळ! आणि हे बघ बाळा, आईला यातलं अक्षर कळता कामा नये. माझी शपथ आहे तुला!"

मॅडमनी दुर्बीण खाली ठेवली. मग पिंजऱ्यावर बसून त्यांनीही एक केक मागवला. "टॅग मात्र अचूक आहे हं," त्या म्हणाल्या. "सोमवारी खरी फाइल दाखव. आणि त्याआधी सगळी नावं बदल. प्राणी, जागा, तारीख!"

सोमवारी नोंदणी मंजूर झाली. अध्यक्ष जरा खट्टू दिसले. "पहिला जास्त शिस्तीचा होता," म्हणाले.

बाबांची शपथ मी प्राणपणाने पाळली. एक अक्षर बोलले नाही! नावे मात्र मॅडमच्या आज्ञेनुसार बदलली. आई अधूनमधून फोटो पाहायला माझ्या संगणकावर बसते. आजवर माझ्या फाइलींची नावे वाचून ती कपाळावर हात मारून उठून जायची. त्या संध्याकाळी मात्र ती बसूनच राहिली.

पडद्यावर ठळक अक्षरांत होते : 'बाबा, बेकरी, दहा ते सोळा तारीख'.

"किती सोपं लिहायला लागलीस गं!" आई कौतुकाने म्हणाली, आणि मग तिने बाबांना हाक मारली.