माडीवरचा बाण

आधीच सांगून ठेवतो, आमच्या घरी लिफ्ट नाही. लिफ्टची बटनं आहेत. (या विषयावर आमची बायको विमलबाई तुम्हाला तासभर ऐकवू शकते. येताना पाण्याची बाटली आणा.)

झालं असं, अकोल्याचं कोणतं तरी जुनं हॉटेल पाडलं आणि त्याचं भंगार फिरत फिरत मोताळ्याला रहेमतुल्लाच्या दुकानात आलं. दुकान आमच्या घराला लागूनच. मी तिथं रोज बसतो. घेत काही नाही, गिऱ्हाइकांची मस्करी करतो. त्या दिवशी पोत्यातून दोन पितळी पट्ट्या निघाल्या. एकेका पट्टीवर दोन गोल बटनं. वरच्या बटनावर वर जाणारा बाण, खालच्यावर खाली जाणारा.

"हे काय आहे बे?"

"लिफ्ट," रहेमतुल्ला म्हणाला. तो जन्मात लिफ्टमध्ये बसलेला नाही. मी एकदा बसलो, दवाखान्यात, आणि उतरताना सगळी बटनं दाबून उतरलो. आतली माणसं मागून काय बोलली ते कळलं नाही. खामगावच्या जिनिंगात, सरकीच्या यंत्रांच्या खडखडाटात तीस वर्षं काढली, तेव्हापासून कोणी कानाशी येऊन ओरडल्याशिवाय मला ऐकू येत नाही. (फुकट चहा म्हटलेलं तेवढं ऐकू येतं, असं गाव म्हणते.)

"घेऊन जा, पुंजाजी," रहेमतुल्ला कानाशी ओरडला. "तू घरी बसशीन तर माह्ये गिऱ्हाइक तरी टिकतीन!"

एवढ्यावरून छंद लागला. चिंच आणि राख लावून पितळ घासलं. कोपऱ्यातला मळ काढायला विमलबाईचा नवाकोरा टूथब्रश वापरला. (तो हरवला असं तिला वाटते. वाटू द्या.) स्प्रिंगा बॉलपेनातल्या, बल्ब दिवाळीच्या माळेतले, करंट फवारणीच्या पंपाच्या बॅटरीचा. आठ दिवसांत बटनं अशी चमकली, की मी त्यात पाहून दाढी केली.

"आता हे जोडता कुठं?" विमलबाईनं विचारलं. "माह्या कपायाले?"

जागा कापसानं दाखवली. त्या सालचा कापूस म्हणजे काय सांगू! बियाणं विकणारा म्हणाला होता, बीटी आहे, अळी लागणारच नाही. अळीला हे कोणी कळवलं नव्हतं. गुलाबी अळीनं अर्धी बोंडं आतून साफ केली. उरलेला कापूस विमलबाईनं किडकं बोंड बाजूला काढत एकटीनं वेचला. अकरा गाठोडी झाली. भाव चढेपर्यंत तो माडीत ठेवायचा. भिजला की पिवळा पडते, मग त्याच्याकडे कोणी पाहत नाही. आमचं पूर्ण वर्ष त्या अकरा गाठोड्यांत बांधलेलं होतं.

माडीच्या खिडकीबाहेर कप्पी लावली. मी वर, विमलबाई अंगणात. पण मध्ये पडवीचे पत्रे. खालचं माणूस मला दिसत नाही आणि खालची हाक ऐकू येत नाही. म्हटलं, हेच ते ठिकाण! एक पट्टी खाली दारापाशी ठोकली, एक वर माझ्यासमोर. ती खाली जो बाण दाबेल तो वर पेटेल. वरचा बाण पेटला तर माल वर यायचा आहे, मी रिकामा दोर सोडायचा. खालचा पेटला तर गाठोडं बांधून खाली सोडायचं.

"मी हाक मारीन ना," विमलबाई म्हणाली.

"हॉटेलात कोणी हाक मारते का? बटन दाबायचं!"

चाचणी पण घेतली. रहेमतुल्लानं खालून दाबलं, वर लाल उजेड पडला आणि मी नाचलो. कोणता बाण पेटला ते पाहायचं राहून गेलं. (उजेड पडला, हे काय कमी आहे?)

सहा गाठोडी आधीच माडीत होती. पाच अंगणात उन्हाला होती. मी वर जागा करत होतो, तेवढ्यात आभाळ भरून आलं. माझ्यासमोर बाण पेटला. खालचा.

खाली सोडायचं? आता? मग डोक्यात प्रकाश पडला. व्यापाऱ्याचा टेम्पो आला असणार! आभाळ पाहून घाई करत असेल. मी कोरडं ठणठणीत गाठोडं बांधलं आणि सोडलं. खाली कोणी तरी ते सोडवलं. मी चटकन दोर वर ओढून घेतला. (कामात मी भारी चपळ आहे.)

पुन्हा खालचाच बाण. दुसरं गाठोडं सोडलं. पत्र्यावर थेंब वाजायला लागले. बाण आता लागोपाठ उघडमीट करत होता. "दम धर ना माय!" असं म्हणत मी तिसरंही सोडलं.

मग थोडा वेळ काहीच नाही. आणि एकदम वरचा बाण! म्हणजे व्यापारी फिरला. मी त्याला मनातल्या मनात काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. दोर सोडला, गाठोडं वर आलं. एक, दोन, करत आठही आली. शेवटची दोन भिजलेली. मागोमाग शिडीवरून विमलबाई आली, तीही भिजलेली.

"टेम्पो गेला काय?" मी विचारलं.

"कोणता टेम्पो?" ती कानाशी येऊन ओरडली.

"मंग तू खालचा बाण काऊन दाबला?"

"मी वरचाच दाबून राह्यली होती! तीन डाव दाबला, तं तीन गाठोडे माह्या डोक्यावर आले. मंग म्हटलं, पस्तीस वर्षं झाले, हा माणूस सांगतलं त्याच्या उलटंच करते. आता उलटंच सांगून पाहू. खालचा दाबला, तवा आले रस्त्यावर!"

ताडपत्री घेऊन धावत आलेली रहेमतुल्लाची सून मलिहा तिच्यामागं उभी होती. शिकलेली पोरगी. तिनं पट्टीकडे पाहिलं, पदर तोंडाला लावला आणि मग माझ्या कानाशी ओरडली. "चाचा, कंपनीचं नाव पाहा. पट्टी उलटी ठोकली तुम्ही."

गंमत पाहा. ती पट्टी उलटी केली तरी वर वरचाच बाण दिसते आणि खाली खालचाच. तारा मी आधी जोडल्या, पट्टी नंतर ठोकली, म्हणून तिनं वरचा दाबला की माझ्याकडे खालचा पेटायचा. आता राहिलं नाव. ते इंग्रजीत. मी चौथीत दोनदा बसलेला माणूस, इंग्रजी मला सुलटं काय आणि उलटं काय!

"आत्ता सरळ करतो," मी म्हटलं.

"हात लावू नका!" विमलबाई गरजली. "मले जमलं ते. तसंच राहू द्या. अन् हे दोन गाठोडे पसरून वाळवा. वाळल्याबिगर खाली यायचं नाही. भाकर मी दोरानं पाठवीन." असं म्हणून ती मलिहासोबत उतरली आणि शिडी घेऊन गेली.

मी रात्रभर कापूस उलथत बसलो. पण कारागिराचा जीव, चैन पडेना. सकाळी पेचकस काढला आणि गुपचूप पट्टी सरळ केली.

दुपारी ठेच्याचा खमंग वास आला आणि बाण पेटला. खालचा. म्हणजे माल खाली पाहिजे. कापूस तर ओलसरच. मग काय मागते ही? आठवलं, काल सकाळी तिनं कानाशी ओरडून धुवायला धोतर मागितलं होतं. माझ्याजवळ दुसरं नव्हतं, पण म्हटलं, वर पाहायला कोण येते? सोडलं, बांधलं, पाठवलं.

दोर रिकामा परत आला. मी पोत्यात बसून वाट पाहिली. बाण काही पेटेना. शेवटी खिडकीतून वाकून पाहिलं, तर पत्र्याखालून रहेमतुल्ला ढेकर देत निघाला. माझ्याच धोतराला हात पुसत होता.

"भाभी म्हणते, जेवायच्या वक्ती धोतर पाठवते, म्हंजे भूक नाही त्याले," तो जाता जाता पुटपुटला. "भाकर लय भारी होती."

तीस वर्षांत पहिल्यांदाच, कोणी न ओरडता, मला शब्दन् शब्द ऐकू आला.