तेजपालभाऊ डोंगरधने मित्र परिवार

कोंबड्यांच्या खाद्याची दोन पोती मोटरसायकलवर बांधून पौलस गावित खांडबाऱ्याच्या स्टेशनसमोरून चालला होता, तेवढ्यात चौकात त्याला स्वतःच्याच डोक्यातला माणूस दिसला. भल्यामोठ्या फ्लेक्सवर तो हात जोडून उभा होता. डोळ्यांवर गॉगल, गळ्यात जाड साखळी, आणि खाली लाल-पिवळ्या अक्षरांत लिहिलेलं: 'गोरगरिबांचे कैवारी, विकासरत्न, भावी आमदार मा. तेजपालभाऊ डोंगरधने यांना वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा! शुभेच्छुक: तेजपालभाऊ डोंगरधने मित्र परिवार.' पौलसने ब्रेक इतका जोरात दाबला की एक पोतं रस्त्यावर पडलं.

हा तेजपालभाऊ जगात कुठेही नव्हता. नाताळच्या आठवड्यात पाड्यावर होणाऱ्या पौलसच्या नाटकातला तो खलनायक होता. गावाचा हातपंप उपटून स्वतःच्या अंगणात बसवणारा. खलनायकाला नाव देणं सोपं आहे असं ज्याला वाटतं, त्याने नवापूर तालुक्यात येऊन ते एकदा करून दाखवावं. गावित म्हटलं की निम्मा बाजार मागे वळून बघतो, वसावे म्हटलं की उरलेला. मागच्या वर्षी पौलसने खलनायकाचं नाव नुसतं 'उदेसिंग' ठेवलं, आडनाव दिलंच नाही, तरी आसपासचे झाडून सगळे उदेसिंग चालून आले आणि नाटक तालमीतच आटोपलं. पौलसने आयुष्यात लिहिलेलं ते पहिलं नाटक. ते दुखणं त्याने वर्षभर उराशी बाळगलं होतं.

म्हणून या वर्षी त्याने ऐकताना खरं वाटेल पण कुणाच्याच बापाचं नसेल असं नाव शोधायला घेतलं. रोज शेडमध्ये जाऊन कोंबड्यांसमोर एकेक नाव मोठ्याने म्हणून पाहिलं. 'डोंगरधने' सापडलं त्या दिवशी त्याने बायकोसाठी, प्रिस्किलासाठी, जिलेबी आणली. चेहऱ्यावरूनही कुणाला आपला चुलता आठवू नये म्हणून फ्लेक्सवाल्या धीरजला सांगून तो संगणकाकडून बनवून घेतला. एवढं करून पहिल्या अंकात मागे लावायचा तो फ्लेक्स आज चौकात वाऱ्यावर फडफडत होता.

"धीरज, हे काय करून ठेवलंस?" पौलस दुकानात शिरताच ओरडला.

"काय करं? फ्लेक्स लाई दिधा ना," धीरजने मानसुद्धा वर केली नाही.

"अरे, तो नाटकाचा होता! स्टेजवर लावायचा!"

"मंग तसं सांगानं ना भाऊ. वाढदिवसना बॅनर छापा की मन्हा पोऱ्या चौकमा लाई देतस. आठे तोच रिवाज शे."

"आणि खाली ही रांगेनं थोबाडं कुणाची? मी एकही फोटो दिला नव्हता."

"खालनी लाईन रिकामी बरी दिखत नई. मांगला बॅनरनी पडेल व्हती, तीच टाकी दिधी."

मागच्या बॅनरची लाईन म्हणजे बाजारातली सगळी रिकामटेकडी मंडळी. त्यांत पहिला फोटो जगदीशचा. जगदीशचं मोबाईलचं दुकान, पण तो दुकानात कमी आणि बॅनरवर जास्त असायचा. सकाळी प्रत्येकाने चौकात येऊन आपला फोटो पाहिला, वरचा भावी आमदार पाहिला, आणि प्रत्येकाला वाटलं की या भाऊंना आपण सोडून बाकी सगळे ओळखतात. आता मोठ्या माणसाला आपण ओळखत नाही हे कबूल कोण करणार? दुपारपर्यंत सगळ्यांनी तो फ्लेक्स आपापल्या मोबाईलवर चढवला आणि खाली 'आपला माणूस' असं लिहून टाकलं.

पौलस शिडी घेऊन चौकात आला, तेव्हा जगदीशने शिडी धरली. मदतीला नव्हे, अडवायला.

"भाऊना बॅनरले हात लावाना नई."

"अरे, कसला भाऊ? असा कुणी माणूसच नाही! मी बनवलाय तो!"

जगदीश दया आल्यासारखा हसला. "आस्सं? मी सोता त्यासना संगे विसरवाडीले चहा पिना. काळी गाडी शे त्यासनी."

"त्याच्याकडे गाडी नाही!" पौलसचा आवाज चढला. "गाडी मी दुसऱ्या अंकात काढून घेतलीय!"

"तुम्ही?" जगदीशने आजूबाजूच्या लोकांकडे पाहिलं. "दखा रे, भाऊनी गाडी हाऊ काढी लेवाव शे म्हने!"

लोक पौलसकडे अशा नजरेने बघू लागले की त्याला शिडी तिथेच टाकून निघावं लागलं. जाताना भाजी विकणाऱ्या रमीबाईने त्याला हाक मारली. तिच्या ओट्यावर छप्पर नव्हतं आणि कुठल्याही पुढाऱ्याला ते सांगायची तिची जुनी सवय होती.

"पौलसदादा, त्या भाऊनी तुमनी वळख शे ना? सांगा त्यासले, म्हातारीले ऊन लागस म्हनीसन."

"रमीबाई, तो भाऊ खोटा आहे."

"पुढारी बठ्ठाच खोटा ऱ्हातस," रमीबाई शांतपणे म्हणाली. "पन सांगी तर दखा."

पौलस घरी येऊन जेवलाही नाही. आपण रक्त आटवून माणूस घडवायचा, त्याचं नाव ठेवायचं, आणि उद्या कुणी उपटसुंभाने येऊन त्याच्याबरोबर चहा प्यायचा? हा कुठला न्याय?

"तू त्याला एवढ्या पदव्या दिल्यास कशाला?" प्रिस्किलाने विचारलं. "नुसतं 'तेजपाल' ठेवला असतास तर कुत्रं विचारलं नसतं."

"पदव्यांनीच तर तो लबाड वाटतो!"

"तुला वाटतो. लोकांना पुढारी वाटला."

चार दिवसांनी तालमीच्या मांडवात मित्र परिवार आला. फोटोतले सगळे होते, शिवाय फोटो नसलेलेही बरेच होते, कारण आता परिवार वाढला होता. भाऊंना नाटकात हातपंपचोर दाखवलंय ही बातमी फुटली होती.

"आमना भाऊनी बदनामी आम्ही सहन करावं नई," जगदीश म्हणाला. "कराव व्हशात तर भाऊनी परवानगी ली या."

"कुठून आणू? तो आहे कुठे?"

"म्हंजे भाऊ कोठे ऱ्हातस ते बी तुमले माहीत नई, आनि त्यासवर नाटक लिखतस?"

पौलस संतापाने लाल झाला. त्याने पाड्यावरच्या पंचांमधले ज्येष्ठ, दानियलकाका, यांच्याकडे पाहिलं. नाटक होणार की नाही हे काकांच्या हातात होतं. "काका, तुम्हीच सांगा यांना. जो माणूस नाहीच, त्याची बदनामी होईल कशी?"

दानियलकाकांनी मांडवाबाहेरची गर्दी पाहिली. "माणूस नसेल रे पौलस. पण त्याची माणसं आहेत ना. नाव बदल, नाहीतर यंदाही नाटक राहू दे."

यंदाही! हा शब्द पौलसला कानाखाली बसल्यासारखा लागला. "बदलतो! पण काय ठेवू? कुठलंही नाव ठेवलं तरी कुणीतरी काठी घेऊन येणार! ज्याची काहीच हरकत नाही असं एक नाव सांगा मला!"

मग जगदीशलाच सुचलं.

"तुमनंच टाकी द्या ना. तुमनी तं हरकत नई?"

सगळ्यांना ते फारच पटलं. पौलसने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. दुसरं वर्ष वाया जाताना त्याला बघवणार नव्हतं. लेखक म्हणून तरी नाव लागेल, अशी मनाची समजूत घालून त्याने मान हलवली. त्यावर खूश होऊन मित्र परिवाराने भाऊंतर्फे माईक आणि दिवे फुकट द्यायचं जाहीर केलं.

नाटकाच्या दिवशी मैदान भरलं. पडदा उघडायच्या आधी दानियलकाकांनी पौलसला बाजूला घेतलं. "एक अडचण आहे. लेखक पौलस गावित आणि चोरही पौलस गावित, असं माईकवर सांगितलं तर लोक गोंधळतील. म्हणतील, पंचांपुढे कबुली द्यायला उभा केलाय."

"मग?"

"मित्र परिवार माईक देतोय. त्यांचं मन राखायला हवं. तू समजूतदार आहेस."

आणि पौलस काही बोलायच्या आत भोंग्यातून जगदीशचा आवाज घुमला, "सादर करीत आहोत सामाजिक नाटक. लेखक, विकासरत्न तेजपालभाऊ डोंगरधने!" टाळ्या अशा पडल्या की पौलसचं ओरडणं त्याचं त्यालाही ऐकू आलं नाही.

नाटक तुफान झालं. हातपंप उपटणाऱ्या पौलस गावितला बायकांनी तोंडभर शिव्या दिल्या, शेवटी तो पकडला गेला तेव्हा शिट्ट्या वाजल्या, आणि भाऊंनी काय लिहिलंय, काय लिहिलंय, असं म्हणत लोक घरोघर गेले.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. पौलसने रमीबाईच्या ओट्यावरून टोमॅटो उचलून पिशवीत टाकले. तिने ते एकेक करून परत काढून घेतले.

"हातपंप चोरनाराले मी भाजी देत नई."

"रमीबाई, ते नाटक होतं! मी कुणाचा पंप चोरलाय? ते सगळं खोटं होतं!"

रमीबाईने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"खोटं?" ती म्हणाली. "भाऊ एवढा मोठा मानूस, तो काय उगाच कोनं नाव लिखी?"