आपली किटली

दाजींच्या व्हिजिटिंग कार्डावर चार ओळी होत्या. ‘संशयाचा सम्राट. पुराव्यांचा पारखी. गुन्हेगारांची झोपमोड. आपला नम्र, दाजी.’ त्यातला ‘नम्र’ हा शब्द सर्वांत मोठ्या अक्षरांत छापला होता. खरं तर दाजी पोस्टातून निवृत्त झालेले होते. तीस वर्षं दुसऱ्यांच्या पाकिटांवरचे पत्ते वाचल्यामुळे आपल्याला माणूस बंद पाकिटातूनही वाचता येतो, अशी त्यांची पक्की समजूत होती.

शिंप्याच्या वाट्याला ते बहिणीच्या लग्नातून आले होते. बहिणीला निरोप दिला तेव्हा घरातलं एक माणूस कमी झालं असं त्याला वाटलं होतं, पण दाजी रोज सकाळी दुकानात येऊन बसू लागले. शिलाई मशीन चालवता चालवता आपण त्यांचे सहायक कधी झालो, हे शिंप्याला कळलंच नाही.

“किटली गायब!” गुरुवारी संध्याकाळी दाजी दुकानात शिरत म्हणाले. “सलग तिसरा गुरुवार. फादरांनी हे प्रकरण माझ्यावर सोपवलंय.”

“फादर काय म्हणाले नक्की?”

“म्हणाले, ‘करा काय करायचं ते.’”

प्रकरण असं होतं. टेकडीवर एक चर्च, पुलाजवळ दुसरं. फादर कमी पडू लागले तेव्हा दोन्ही धर्मग्रामांना मिळून एकच फादर आले. रविवारची उपासना, म्हणजे मिस्सा, सगळ्यांनी वरच्या चर्चमध्ये एकत्र करायची ठरली. तरी वरचे डावीकडे बसत आणि खालचे उजवीकडे. सुरुवातीचं गीत वरच्यांच्या चालीवर होई, शेवटचं खालच्यांच्या. दर गुरुवारी एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांसाठी चहा असे. वरच्यांकडे सभागृह होतं, खालच्यांकडे म्हाताऱ्यांना वर न्यायला गाडी होती. फादरांनी कौतुकानं चाळीस कपांची नवी किटली आणली आणि तिच्यावर लाल रंगात ‘आपली’ असं लिहवून घेतलं. पहिल्या गुरुवारी चहा झकास झाला. त्यानंतर किटली कोणाला दिसली नाही. इवल्याशा पातेल्यात सात वेळा चहा करावा लागे, आणि शेवटच्या माणसापर्यंत त्याचं सरबत होई. वरचे खालच्यांवर फुगले होते, खालचे वरच्यांवर.

“येत्या गुरुवारपर्यंत मिटलं नाही तर चहा बंद,” दाजी म्हणाले. “फादर म्हणाले, ज्याचं त्यानं बघावं.”

शिंप्याचा पाय मशीनवर थांबला. म्हणजे वर म्हाताऱ्यांवाचून सभागृह राहणार आणि खाली सभागृहावाचून म्हातारे. त्या म्हाताऱ्यांतली एक त्याची मावशी होती. चाळीस वर्षं तिनं शाळेत व्याकरण शिकवलं होतं, आणि आता आठवडाभर तिच्याशी बोलायला एक शिंपी आणि एक भिंत एवढेच होते. बुधवारीच ती उद्याच्या कपड्यांना इस्त्री करून ठेवायची. तिला हे कसं सांगायचं याचा विचार करत त्यानं सुईत पुन्हा दोरा ओवायला घेतला.

शुक्रवारी चौकशी सुरू झाली. वरच्या चर्चच्या स्वयंपाकघरातली काकू पातेलं घासत होती.

“किटलीबद्दल मला काय विचारता? त्यांना विचारा.”

टेकडी उतरून ते खालच्या चर्चच्या घंटेवाल्याकडे गेले. “किटलीबद्दल मला काय विचारता?” तो म्हणाला. “त्यांना विचारा.”

“ऐकलंस?” दाजी बाहेर येऊन कुजबुजले. “शब्दन् शब्द सारखा! पढवलेली साक्ष! दोघं सामील आहेत.”

“दाजी, ते दोघं गेला महिनाभर बोलत नाहीत एकमेकांशी.”

“तेच तर! इतकं न बोलणं सामील असल्याशिवाय जमत नाही.”

शनिवारी त्यांनी घंटेवाल्याला निर्दोष सोडलं आणि गायकांना धरलं, कारण घसा शेकायला वाफ लागते. संध्याकाळी गायकही सुटले. मग संशय खुद्द फादरांवर गेला, ते दोन्ही धर्मग्रामांच्या सहनशीलतेची परीक्षा घेत असणार. दाजी कोणाच्या सहनशीलतेची परीक्षा घेतायत हे शिंप्यानं विचारलं नाही.

रविवारी दुपारी मावशी मिस्सेहून परतली आणि हातातलं फडक्यात बांधलेलं गाठोडं दुकानातल्या कापायच्या टेबलावर ठेवून पाणी प्यायली. दाजींनी त्या गाठोड्यावर कोपर टेकलं.

“चोर डावखुरा आहे,” ते म्हणाले. “वस्तू वजनाला चार किलो, तोटी लांब, मूठ काळी. अशी वस्तू माणसांच्या नजरेआड ठेवायला विलक्षण बुद्धी लागते.”

“तोटी?” मावशी म्हणाली. “जावईबापू, कोपर उचला बरं.”

फडकं सुटलं. लाल अक्षरं वर आली.

“मावशी!” शिंपी ओरडला. “हे तुझ्याकडे कसं?”

“दर रविवारी माझ्याच मांडीवर असतं. सकाळी गाडीत बसताना घंटेवाला देतो, ‘वरच्यांची वस्तू आहे, गुपचूप दारात ठेवा, त्यांना ओशाळं वाटायला नको.’ परत निघताना काकू तेच गाठोडं देते, ‘खालच्यांची आहे, गुपचूप ठेवा.’ मग पुढच्या रविवारपर्यंत ते खालीच पडून. मला वाटलं, पडदे धुवायला देत असतील. तोटी बरगडीत रुतायची, पण मी म्हटलं, पडद्याची दांडी असेल. आज परतताना खालच्या चर्चला कुलूप होतं, घंटेवालाही दिसला नाही, म्हणून घरी आणलं.”

“पण का?” दाजींनी विचारलं. इतका छोटा प्रश्न त्यांनी प्रथमच विचारला होता.

मावशीनं चष्मा पुसला. “आपली म्हणजे तुमची आणि आमची, दोघांची. पण अदबीनं म्हटलं तर आपली म्हणजे फक्त समोरच्याची. फादरांनी पहिली लिहिली, या दोघांनी दुसरी वाचली. दुसऱ्याची वस्तू आपली म्हणतील तर शपथ.” आणि ती इतकी हसली की शिंप्यानं मशीन बंद केलं.

सोमवारी फादरांनी किटलीवर ‘तुमची-आमची’ लिहायचं ठरवलं. त्यात ‘तुमची’ कोण यावरून तासभर वाद झाला. शेवटी रंगाऱ्यानं एका बाजूला ‘वरची-खालची’ लिहिलं, दुसऱ्या बाजूला ‘खालची-वरची’. ओतताना किटली कोणत्या बाजूनं धरायची हे अजून ठरायचं आहे.

गुरुवारी मावशीला पहिला कप मिळाला, वाफाळता. दाजींनी प्रकरण सुटल्याबद्दल सगळ्यांना स्वतःची कार्डं वाटली. मावशीनं कार्ड डोळ्यांजवळ नेलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

“‘आपला नम्र.’ आपला म्हणजे कोणाचा रे?”

शिंप्यानं दाजींकडे पाहिलं. ते बिस्किटांच्या डब्यावरचे बोटांचे ठसे तपासत होते.

“आपलाच, मावशी,” तो म्हणाला. “परत कोणाला पाठवणार?”