ढ मास्तर

गणिताच्या शिकवणीला सर आले, की स्वतःच विद्यार्थी होऊन बसत. एका वेळी एकच मूल घ्यायचं, त्याच्यापुढे आपण ढ व्हायचं आणि त्याच्याचकडून शिकून घ्यायचं, ही त्यांची पद्धत. सध्या शिकणाऱ्या नववीतल्या मुलीला सहामाहीत शंभरपैकी अकरा मिळाले होते. तिच्यासाठी सरांनी ढपणाची कमाल केली होती.

ही पद्धत मुलीच्या आईवडिलांना ठाऊक होती. चार दिवस राहायला आलेल्या आत्याला मात्र कुणी सांगितलं नव्हतं, आणि आत्या म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका! दाराआड बसून ती वर्तमानपत्र वाचत होती. पान काही उलटत नव्हतं.

"पाऊण भागिले अर्धा, उत्तर दीड?" आतून सरांचा आवाज आला. "भागल्यावर संख्या वाढेल कशी? काहीतरीच!"

"अहो सर, पाऊण किलो साखर अर्ध्या किलोच्या डब्यांत भरा. एक डबा भरला, दुसरा अर्धा. झाले ना दीड डबे?"

"अरेच्चा, खरंच की! परत सांग बरं."

आत्याने चष्मा काढला, पुसला आणि तडक भावाला गाठलं. "अरे, मास्तर ठेवलायस की विद्यार्थी? पोरगी घसा फोडतेय आणि तो बाप्या माना डोलावतोय!"

"ताई, ती त्यांची पद्धत आहे."

"काही न येणं ही पद्धत? थांब, बघतेच मी."

आत्या आत शिरताच सर उठून उभे राहिले. तो करडा आवाज ऐकला आणि त्यांनी शाळेतल्यासारखी हाताची घडी घातली.

"एका संख्येत वीस टक्के वाढ केली, मग वीस टक्के घट केली. काय उरेल?"

"बाई, मुळात माझी पद्धत अशी..."

"उत्तर!"

"ते... तेवढेच!" सर बोलून गेले आणि जीभ चावली. पण बाण सुटला होता.

आत्याने विजयी मुद्रेने मागोमाग आलेल्या भावाकडे पाहिलं. तेवढ्यात मुलगी दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"आत्या, त्यांच्यावर ओरडू नकोस ना! त्यांना हळूहळू समजतं. सर, घाबरू नका. शंभरचे झाले एकशेवीस. आता वीस टक्के काढायचे ते एकशेवीसचे, म्हणजे चोवीस. उरले शहाण्णव. कळलं?"

"कळलं," सर पुटपुटले. या खेपेला अगदी मनापासून.

आत्या भाचीकडे बघतच राहिली. "तुला हे कुणी शिकवलं गं?"

"शाळेत बाईंना विचारून येते रोज. काय करणार? संध्याकाळी सरांना समजावावं लागतं. त्यांना माझ्याशिवाय कोण आहे?"

वडिलांना एकदम खोकला आला. आत्या खुर्चीत टेकली. मग भावाला जवळ बोलावून हळूच म्हणाली, "या माणसाला सोडू नकोस. आणि कुणी त्याला हुशार करायला जाऊ नका."

सर निघाले, तेव्हा मुलीने त्यांच्या हातात एक वही ठेवली. "टक्केवारीची पाच गणितं दिलीत. उद्या करून आणा. आणि खाली घरच्यांची सही हवी."

घरी गेल्यावर सरांनी पाचही गणितं सोडवली आणि वही बायकोपुढे धरली. तिने वरपासून खालपर्यंत नजर फिरवली आणि पेन खाली ठेवलं.

"सही कशी करू? तिसरं चुकलंय."